फौजी मित्राला चाकू भेट द्यायचा आहे, कोणता घ्यावा?

मिरजमळा

नमस्कार मंडळी. मित्र पायदळात नायक आहे. दिवाळीच्या सुट्टीवर येतोय, सुट्टी संपली की थेट लडाखच्या बाजूला. आम्ही चौघांनी मिळून त्याला चांगला चाकू द्यायचं ठरवलंय. वर्गणी पाच हजार, ताणली तर सहा. सध्या यादीत तीन गोष्टी आहेत:

१. खुकरी, पात्यावर नाव कोरून
२. ऑनलाइन दिसतो तो काळ्या पात्याचा 'सर्व्हायव्हल' चाकू. पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला होकायंत्र, आत काडेपेटी ठेवायला पोकळी
३. स्विस चाकू

एकाचं मत पडलं की स्विस चाकू म्हणजे शाळेतल्या पोराला दिल्यासारखं होईल, फौजीला काहीतरी दणदणीत हवं. जाणकारांनी सांगावं. जाणार तो मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन आणि पुढे विमानाने लेह, त्यामुळे सोबत नेता येईल का तेही सांगा.

निसणा

क्रमांक २ आत्ताच खोडा. मूठ पोकळ आहे म्हणजे पातं मुठीत शिरतच नाही. दोन-तीन सेंटिमीटरची शेपटी एका नटने नाहीतर पिनेने पत्र्याच्या नळीला अडकवलेली असते. लाकडात रोवून आडवा जोर दिला की सगळा ताण त्या नटवर येतो आणि पातं मुठीतून निखळतं. पाठीवरचे दातेही नुसते दिसायला. खऱ्या करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. यात ते वाकवलेले नसतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या ओढीला पातं लाकडात रुतून बसतं. होकायंत्राची सुई पोलादी पात्यापासून एका वितीवर. ती कुठलं उत्तर दाखवणार?

'४४० स्टील' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. ४४०ए, ४४०बी आणि ४४०सी ही तीन वेगवेगळी पोलादं आहेत, कार्बन साधारण पाऊण टक्क्यापासून एक टक्क्याच्या वरपर्यंत. अक्षर गाळलंय म्हणजे बहुधा सगळ्यात स्वस्त आहे, आणि त्यालाही पाणी (तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा) नीट दिलेलं नाही.

कमानपाटा

वरच्याला अनुमोदन, पण खुकरीला पोकळ मुठीच्या रांगेत बसवू नका. चांगली खुकरी ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाची असते. लोहार पाणी फक्त धारेकडे देतो, त्यामुळे धार कडक आणि पाठ चिवट राहते. म्यानात आणखी दोन छोटी पाती असतात: कर्दा बारीक कामाला, आणि चकमक, जिला धार नसते, तिच्यावर खुकरीची धार सरळ करायची. फांद्या तोडायला आणि खुंट्या ठोकायला याच्याइतकं सरस हत्यार नाही.

तारीख_पे

हत्यार सरस आहे, पण भेट म्हणून अडचणीचं. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग आहे: तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, आणि पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले चाकू. त्यात कृपाण आणि खुकरी नावानिशी आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत, म्हणून विळी आणि कोयत्याला परवाना लागत नाही. कामाच्या खुकरीचं पातं सहसा १० इंचांच्या पुढे, म्हणजे ती सरळ या वर्गात बसते. परवाना कुठल्या भागात लागतो हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ खालच्या अधिसूचनेवर ठरतं. पण तलवारीने केक कापला आणि गुन्हा दाखल झाला, ही बातमी आपल्याकडे दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतेच. ते कलम हेच.

'तो फौजी आहे, त्याला कोण विचारणार' हा गैरसमज आहे. सरकारने कर्तव्यासाठी दिलेलं शस्त्र वेगळं. तुम्ही दिलेली वस्तू त्याची खासगी मालमत्ता, तिला तो सामान्य नागरिकासारखाच जबाबदार. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल तर सार्वजनिक जागी शस्त्र बाळगणं हाच गुन्हा, आणि सणासुदीत असे आदेश निघतात.

मिरजमळा

म्हणजे शोभेची, धार न लावलेली खुकरी चालेल का?

तारीख_पे

स्टेशनवर बॅग उघडून 'साहेब, याला धार नाही हो' हे समजावत उभं राहायची हौस असेल तर घ्या. भिंतीवरच टांगायची असेल तर ती लडाखला कशाला न्यायची? घरी राहू दे.

एक तपशील मात्र तुमच्या कामाचा आहे. तो दिल्लीत गाडीतून उतरणार. दिल्ली प्रशासनाची १९८० ची अधिसूचना आहे: स्प्रिंगचे, गरारीचे, बटणाचे आणि इतर यांत्रिक युक्तीने उघड-बंद होणारे चाकू, पातं ७.६२ सेंमी किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंमी किंवा जास्त रुंद असेल तर, त्यांवर निर्बंध आहेत. म्हणजे आपला खटक्याचा चाकू. तो कितीही देखणा दिसला तरी घेऊ नका. बाकी कुठलाही चाकू प्रवासात खिशात किंवा कमरेला नको. डब्यात बंद, मोठ्या बॅगेच्या तळाशी.

निसणा

आता मुद्द्याचं. 'दणदणीत' हा शब्द मनातून काढून टाका. मारायचं हत्यार त्याला सरकार देतं, रायफलही आणि संगीनही. त्याच्याकडे नसतं ते दिवसभराच्या किरकोळ कामांचं हत्यार. पॅकिंगच्या पट्ट्या, सुतळी, नायलॉनची दोरी, टिनचे डबे, जाड प्लॅस्टिकची पाकिटं, वायर सोलणं, सैल झालेला स्क्रू, तंबूची खुंटी तासणं, कांदा-सफरचंद. या कामांना सात-आठ सेंटिमीटरचं पातं पुरतं, आणि पात्यापेक्षा टिन ओपनर आणि कात्रीच जास्त वापरात येतात.

त्या हिशेबाने क्रमांक ३. आणि 'शाळेतलं पोर' म्हणणाऱ्या मित्राला सांगा, तो चाकू मुळात सैनिकांसाठीच बनला. कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. आपण 'स्विस चाकू' म्हणून ओळखतो तो ऑफिसरचा चाकू १८९७ चा. स्विस सैन्याचा २००८ पासूनचा चाकू १११ मिमीचा आहे, एका हाताने उघडणारा, लॉकवाला.

तुमच्या पैशांत विचार करण्यासारखे (तिन्ही व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे):

हंट्समन: ९१ मिमी, शंभर ग्रॅमच्या आत. मोठं-छोटं पातं, कात्री, लाकडाची करवत, टिन आणि बाटलीचे ओपनर, आरी, हूक, चिमटा. लॉक नाही.

फार्मर: ९३ मिमी, ॲल्युमिनियमची खरखरीत मूठ, पातं अडीच मिलीमीटर जाड (हंट्समनचं दोन). करवत आणि आरी आहे, कात्री नाही. कात्री हवी तर 'फार्मर एक्स'.

वन हँड ट्रेकर: १११ मिमी, सुमारे १३० ग्रॅम. पात्यात मोठं छिद्र, अंगठ्याने उघडतं, लॉक बसतं. मोठी करवत, स्टार स्क्रू ड्रायव्हर, टिन ओपनर, आरी.

यांच्या पोलादाची कठिणता साधारण ५६ एचआरसी (आकडा जितका मोठा तितकं पोलाद कडक). चाकूच्या शौकिनांना ते मऊ वाटतं, पण चौकीवर मऊच बरं. धार लवकर जाते तशी लवकर येतेही. डी२ सारखं ६० च्या आसपासचं पोलाद एकदा बोथट झालं की साध्या दगडाला सहज दाद देत नाही, हिऱ्याची कानस बरी पडते.

गारठा

लडाख म्हणालात म्हणून थंडीचं. तीन गोष्टी.

पहिली, हातमोजे. हंट्समन आणि फार्मरचं पातं नखाने खाचेत धरून उघडायचं असतं. जाड मोज्यात ते होत नाही आणि उणे वीसला मोजा काढायचा नसतो, उघड्या बोटांची कातडी धातूला चिकटते. म्हणून वरच्या तिघांत मी डोळे मिटून ट्रेकर घेईन. ॲल्युमिनियमची मूठ थंडीत हाताची ऊब ओढून घेते, फार्मर तिथेच मागे पडतो. तोच माणूस आसाम-अरुणाचलच्या जंगलात असता तर सल्ला उलटा दिला असता: डासांच्या मलमातलं डीईईटी काही प्लॅस्टिकच्या मुठी मऊ आणि चिकट करतं, ॲल्युमिनियमला काही होत नाही.

दुसरी, तेल. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल लावतात. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. तिथे ते मेणासारखं बसेल, पुढे खवट होऊन बिजागरीत डिंक होईल. ग्रीसही नको. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते बिजागरीत एक थेंब. अन्नाला लागलं तरी चालतं. नवा चाकूही देण्याआधी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा, सगळी पाती पाच-सहा वेळा उघड-बंद करा, पूर्ण वाळवा, मगच तो थेंब.

तिसरी, बर्फ आणि गोठलेला डबा. चाकू तरफ म्हणून वापरला की टोक जातं. पोलाद थंडीत आणखी ठिसूळ होतं, आणि धार जितकी बारीक तितका टवका लवकर उडतो. डब्याला ओपनर, बर्फाला कुदळ.

कमानपाटा

घडीच्या चाकूला शेवटी बिजागरी आहे. तीत वाळू गेली, बर्फ गेला की अडकतं. न मिटणाऱ्या पात्याचा छोटा चाकू का नको? 'मोरा' कंपनीचा 'कम्पॅनियन' घ्या, स्वीडनचा. पातं १०४ मिमी, अडीच मिलीमीटर जाड, स्टेनलेस, चाकू ८४ ग्रॅमचा. रबरी मूठ मोज्यातही घट्ट बसते. म्यानातून काढला की तयार, नखाची गरज नाही. ९ इंचांच्या नियमाला तर लांबूनच नमस्कार. आणि तुमच्या बजेटमध्ये पैसे उरतील.

निसणा

चाकू उत्तम, माझा विरोध फक्त भेटीपुरता. एक, तो फुल टँग नाही, म्हणजे पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं नाही. कापायला जबर, पण दगडाने ठोकून लाकूड फोडायला नाही, आणि फौजेत कोणी ना कोणी तो ठोकणारच. (फुल टँग हवा तर त्याच कंपनीचा गारबर्ग, १०९ मिमी, ३.२ मिमी जाड, पण सहा हजारांत बसवणं कठीण.) दोन, कमरेला लटकणारा खासगी चाकू गणवेशावर चालेल की नाही हे त्याची युनिट ठरवते. खिशातल्या घडीच्या चाकूवर सहसा कोणाची नजर जात नाही.

मिरजमळा, एक काम करा. भेट गुपित ठेवायची असेल तरी आडून विचारा: 'तुमच्यात पोरं कमरेला स्वतःचा चाकू लावतात का रे?' एवढ्या उत्तरावर अर्धा निर्णय होतो.

कमानपाटा

गणवेशाचा मुद्दा मान्य. पिठ्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) ठेवला तर?

निसणा

पिठ्ठूतला चाकू काढायला पिठ्ठू उतरवावा लागतो. मग माणूस दाताने पाकीट फाडतो.

हिरवा_माठ

मल्टिटूल कोणी बोललंच नाही! पक्कड हवीच. तार वळवणं, गरम डबा उचलणं, अडकलेली चेन ओढणं, चाकूने काय होणार?

गारठा

पक्कड हवी हे शंभर टक्के खरं. पण लेदरमन कंपनीची वेव्ह प्लस २४१ ग्रॅमची आहे आणि किंमत या वर्गणीच्या बरीच वर. व्हिक्टोरिनॉक्सची स्विसटूल स्पिरिट दोनशे ग्रॅमच्या जरा पुढे, तीही महाग. सहा हजारांत जे मल्टिटूल 'अगदी लेदरमनसारखं' म्हणून मिळतं त्याच्या पकडीचे जबडे बहुधा मऊ असतात, जाड तार कापायला गेलं की कापायच्या जागी खळगा पडतो. वर्गणीत आणखी चार जण घ्या आणि खरी वेव्ह घ्या, नाहीतर चाकूच घ्या. मधला मार्ग नाही.

एक सावधगिरी. इंटरनेटवर 'सैनिकांसाठी खास' म्हणून लेदरमनची एमयूटी दाखवतात. तिच्यातली रायफल साफ करायची, साइट फिरवायची अवजारं एम१६-एम४ जातीच्या रायफलींच्या मापाची आहेत. आपल्या इन्सास किंवा एके जातीच्या रायफलीला त्यातलं बरंचसं लागत नाही. वजन आणि पैसे दोन्ही वाया.

किनारपट्टी

थोडं अवांतर. आतेभाऊ नौदलात आहे, कारवारला. त्यालाही असंच काही द्यायचं झालं तर?

निसणा

खारं वारं म्हणजे कार्बन पोलाद बाद, चामड्याचं म्यानही बाद. चामडं ओल धरतं, त्यात मीठ साचतं आणि आठवडाभर म्यानात राहिलेला चाकू मधल्या पट्ट्यात खड्डे पडलेला निघतो. दमट हवेत बुरशी येते ती वेगळीच. प्लॅस्टिकचं म्यान, तळाला पाणी निथळायला भोक हवं. पोलाद एच१ किंवा एलसी२००एन मिळालं तर सोनं. यात कार्बनचं काम बरंचसं नायट्रोजन करतो, म्हणून समुद्राच्या पाण्याला गंज जवळपास धरतच नाही. स्पायडर्कोची सॉल्ट मालिका याच कामासाठी आहे, महाग आहे. नसेल जमत तर साधा स्टेनलेस, आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसायची सवय. दोरी कापण्यासाठी दात्यांची धार बरी, ओल्या जाड दोराला गुळगुळीत धार घसरते. पण दात्यांना घरच्या दगडाने धार लागत नाही, गोल सिरॅमिक दांडी लागते, तीही सोबत द्या.

हिरवा_माठ

आणि एएफएमसीमधून (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) बाहेर पडणाऱ्या डॉक्टर मैत्रिणीला?

गारठा

तिला चाकू नको, कात्री द्या. कपडे-पट्टे कापायची बोथट टोकाची ट्रॉमा कात्री. लेदरमनची रॅप्टर नावाची घडीची येते, तिच्यात पट्टा कापायचं आकडीचं पातं, अंगठी कापायचं अवजार आणि ऑक्सिजन सिलिंडरची किल्ली आहे. बजेट नसेल तर साधी ट्रॉमा कात्री आणि चांगली हेडटॉर्च.

मिरजमळा

सगळ्यांचे आभार. आमचं ट्रेकरवर जवळजवळ ठरलंय. आडून विचारलं, कमरेला खासगी चाकू चालत नाही म्हणाला, खिशात काही ठेवा. ऑनलाइन घ्यायचा तर खोटा कसा ओळखायचा? आणि लॉक नीट आहे हे कशावरून कळतं?

निसणा

खोटा ओळखायला पेटी नको, चाकू बघा. मोठ्या पात्याच्या बुंध्याशी व्हिक्टोरिनॉक्सचं नाव आणि 'स्विस मेड' ठसठशीत असतं, नकलेत अक्षरं उथळ किंवा वाकडी. चाकू मिटलेला उजेडासमोर धरा: पाती आणि मधले पत्रे यांत कुठे जास्त कुठे कमी अशी फट दिसू नये. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना शेवटी 'टक्' असा एकच कोरडा आवाज यावा. चिमटा आणि दातकोरणं आपल्या खाचेत घट्ट बसलेलं हवं, उलटं धरून झटकल्यावर गळून पडू नये. विक्रेता अधिकृत असावा. परदेशातून मागवू नका, कस्टममध्ये अडकला तर दिवाळी निघून जाईल.

लॉकसाठी असं करा. पातं हळूहळू उघडा. शेवटी आतला पोलादी पत्रा बाजूला सरकून पात्याच्या बुंध्यामागे येऊन बसतो, त्याला लायनर लॉक म्हणतात. तो बुंध्यावर कुठपर्यंत आलाय ते बघा. नव्या चाकूत पहिल्या अर्ध्या भागात असावा. अगदी काठावर टेकला असेल तर निसटू शकतो. पार पलीकडे गेला असेल तर आताच झिजलाय. मग मूठ घट्ट धरा, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर, आणि पात्याची पाठ लाकडी टेबलावर हलकी टेकवून दाबा. आपटायचं नाही, दाबायचं. कणभरही मिटता कामा नये. वर-खाली हलत असेल तर परत पाठवा. डावी-उजवीकडे किंचित हलणं खपवून घेता येतं.

मित्रालाही सांगा: लॉक निसटतं ते बहुतेक वाळूमुळे, पत्र्याखाली कण गेला की तो पूर्ण बसत नाही. बसला की नाही ते उघडल्यावर एक नजर टाकून बघायचं.

तारीख_पे

प्रवासाचं पक्कं करून टाकतो. विमानात केबिनमध्ये कुठलाच चाकू चालत नाही. चेक-इन बॅगेत टाकायचा. हातातल्या पिशवीत विसरला तर तपासणीत तो काढून ठेवावा लागतो, आणि लेह-श्रीनगरकडच्या विमानांची तपासणी कडक असते. उलट पॉवर बँक आणि टॉर्चचे सुटे लिथियम सेल केबिनमध्येच न्यावे लागतात. चाकू आणि टॉर्च एका पेटीत बांधून देणार असाल तर तिथेच गोंधळ होतो. दोन वेगळी पुडकी करा.

पुढे पोस्टाने '५६ एपीओ'च्या (सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर पाठवायचा विचार करू नका. धारदार वस्तू नीट संरक्षित असावी ही पोस्टाची जुनी अट, शिवाय कुरियरवाले चाकू म्हटलं की बहुधा नाही म्हणतात. हातात द्या, तो दिवाळीला येतोच आहे.

कमानपाटा

हातात देण्यावरून: सुरी-चाकू हातात देऊ नये, भांडण होतं, असं घरची मोठी माणसं म्हणतात. खाली ठेवा, त्याला उचलू द्या. किंवा त्याच्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे भेट नाही, विक्री झाली. खंडेनवमी हुकलीच आहे, नाहीतर हळद-कुंकू वाहून देता आला असता.

हिरवा_माठ

चाकूसोबत आणखी काय द्यायचं? धार लावायला काही?

निसणा

तेच सांगणार होतो. दोन बाजूंचा छोटा दगड द्या, एक बाजू ४०० ग्रिटची (खरखरीत) आणि दुसरी १००० ग्रिटची (बारीक), तळहाताएवढा. १००० च्या बाजूला पाणी. पातं दगडावर आडवं ठेवा, पाठ थोडी उचला. पातं १६ मिमी रुंद असेल तर पाठ साडेपाच मिमी उचलली की वीस अंश होतात, तेवढा कोन शेवटपर्यंत धरायचा. बुंध्यापासून टोकापर्यंत एका ओढीत, दगडाची साय कापल्यासारखं. एका बाजूला आठ-दहा ओढी झाल्या की दुसऱ्या बाजूने नखाचा पोटवा धारेकडे हलकेच फिरवा, कड उलटून नखाला अडायला लागली की त्या बाजूचं काम झालं. मग दुसरी बाजू. शेवटी अगदी हलक्या हाताने एक-एक ओढ आळीपाळीने, उलटलेली कड झडून जाते. दगड नसेल तिथे चिनी मातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची कड चालते.

ट्रेकरची धार काही मॉडेलमध्ये अर्धी दात्यांची असते. घेताना बघा, गुळगुळीत मिळाली तर तीच घ्या, नाहीतर वर म्हटलेली गोल दांडी लागेल.

सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे मात्र देऊ नका. कोरडं चाक फिरतं, धारेची कड तापते, पिवळी आणि मग निळी होते. निळी झाली म्हणजे तिथलं पाणी उतरलं. ती धार पुन्हा टिकत नाही.

गारठा

टिन ओपनरही त्याला एकदा करून दाखवा, बहुतेकांना उलटं वापरायची सवय असते. खाच डब्याच्या काठाच्या बाहेरच्या ओठाखाली अडकवायची, टोक आतल्या बाजूला. मुठीचं मागचं टोक वर उचललं की ओपनरचं टोक पत्र्यात घुसतं. मग पुढे, म्हणजे आपल्यापासून लांब सरकवत, तांदळाएवढे चावे घ्यायचे. मागे ओढलं की पत्रा चिंधीसारखा फाटतो आणि बोट कापतं.

चाकूच्या कडीला हातभर पॅराकॉर्ड (पॅराशूटची बारीक, मजबूत नायलॉनची दोरी) बांधा, ५५० जातीची. आतले धागे वेगळे काढता येतात, बूट शिवण्यापासून सगळ्याला लागतात. पण बाजारात नावाला पॅराकॉर्ड आणि आत नुसता भुसा असलेली दोरी खूप आहे. टोक कापून बघा, आत सात किंवा जास्त वेगळे पीळ दिसायला हवेत.

मिरजमळा

मागवला. ट्रेकर, गुळगुळीत धारेचा, सोबत दगड, लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली आणि चार मीटर पॅराकॉर्ड. सगळं मिळून वर्गणीत बसलं. आता फक्त नाव कोरायचं. पात्यावर कोरू की मुठीवर? नाव, नंबर आणि पलटण असं तिन्ही घालावं म्हणतोय.

निसणा

पात्यावर नको. यंत्राने खोल कोरलेल्या रेघेत ओल बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. फारच हौस असेल तर लेझरने उथळ, बुंध्याजवळ, धारेपासून लांब. मुठीवर जास्त बरं. प्लॅस्टिकवर लेझर मारायच्या आधी कोरणाऱ्याला सांगा की आत चिमट्याची खाच आहे, त्या बाजूने मारू नका, पातळ जागा वितळते.

नंबर आणि पलटण अजिबात घालू नका. चाकू हरवणारी वस्तू आहे, ज्याला सापडेल त्याला एवढी माहिती कशाला? पहिलं नाव किंवा टोपणनाव पुरे.

तारीख_पे

आणि बिल पेटीत ठेवा. वॉरंटीला लागतं, आणि वाटेत कोणी विचारलंच तर वस्तू कुठून आली ते दाखवता येतं. फक्त बिलावर नाव त्याचं घाला, तुमचं नको.